डावऱ्याची कात्री आणि ओदेतचा धाकटा भाऊ

मी एक जुनी कात्री आहे. डाव्या हाताची. अकरा इंच लांब, काळ्या मुठींची, आणि आता खिळ्यापाशी थोडी सैल झालेली. मित्रांनो, तुम्ही मला उचलाल तेव्हा आधी जड लागेन आणि मग विचित्र लागेन. कात्रीलाही डावं-उजवं असतं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. मला उजव्या हातात धरलं की माझी पाती एकमेकांपासून दूर सरकतात. मग कापड कापलं जात नाही, मध्ये नुसतं दुमडतं. माणसं म्हणतात, कात्री बोथट आहे. मी बोथट नसते. हात चुकलेला असतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या न्यूअर्कच्या एका भट्टीत झाला. तिथे उजव्या हाताच्या शंभर कात्र्या झाल्या की माझ्यासारखी एखादी घडवली जायची. मी बरीच वर्षं तेलकट कागदात पडून होते. मग फॉल रिव्हरच्या एका पडद्यांच्या कारखान्यातून मागणी आली. चौथ्या मजल्यावर पोर्तुगालच्या साव मिगेल बेटावरून आलेला एक कारागीर कापड बेतायला लागला होता आणि उजव्या कात्रीने त्याच्या अंगठ्याला जखमा होत होत्या. त्याचं नाव आर्मिंदो फुर्तादो. बेटावरच्या शाळेत मास्तरांनी त्याचा डावा हात दोन वर्षं बाकाला बांधून ठेवला होता, तरी हाताने आपला हट्ट सोडला नव्हता. मुकादमाने मला मागवलं आणि माझी किंमत आर्मिंदोच्या पगारातून सहा शुक्रवार कापून घेतली. त्यामुळे मी कारखान्याची नव्हते. मी त्याची होते.

कारखान्यात सगळे त्याला डावरा म्हणत. सुरुवातीला चिडवायला, नंतर कौतुकाने. आठ थर एकावर एक रचून तो खडूच्या रेघेवरून मला चालवायचा आणि मुकादम नव्या मुलींना सांगायचा, "याच्या कडेला पट्टी लावून बघा." त्या खरंच लावून बघायच्या. ते माझे चांगले दिवस होते. मला एकच नियम होता. कागद कापायचा नाही. कागदाने धार जाते. त्याची बायको देओलिंदा हिने एकदा मला वापरून वर्तमानपत्रातलं साबणाचं कूपन कापलं, तर आर्मिंदो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कूपनात चाळीस सेंट वाचले आणि दोन दिवसांची शांतता मिळाली. अजून आहेत का कूपनं?" तेव्हा तो हसला.

ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं सांगते आहे तिची सुरुवात एका शेगडीपासून झाली. त्यांची मुलगी ओदेत तेव्हा एक वर्षाची होती. देओलिंदाला चार चुलींची गॅसची शेगडी हप्त्यावर हवी होती. दुकानदाराने कुठेतरी फोन केला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "तुमच्या नावावर काहीच नाही."

"मग चांगलंच आहे," आर्मिंदो म्हणाला. "मी कोणाचं काही लागत नाही."

"तसं नाही साहेब. काहीच नाही म्हणजे तुम्ही आहात हेच कोणाला माहीत नाही."

ही गोष्ट त्याच्या मनाला फार लागली. बेटावर देणं नसणं ही माणसाची अब्रू होती. इथे देणं घेऊन ते फेडल्याशिवाय माणसाला अस्तित्वच नव्हतं. तो पतपेढीत गेला. तिथे त्याने स्वतःचे तीनशे डॉलर ठेवले आणि त्या बदल्यात तीनशे डॉलरचंच एक क्रेडिट कार्ड घेतलं. आपलेच पैसे उसने घ्यायचे आणि आपल्यालाच परत करायचे. त्याला ते वेड्यासारखं वाटायचं, पण त्याने ते निष्ठेने केलं. एकही तारीख चुकवली नाही. ते खातं ओदेतपेक्षा एका वर्षाने लहान होतं. देओलिंदा त्याला ओदेतचा धाकटा भाऊ म्हणायची.

पुढे कारखाना बंद पडला. शेवटच्या दिवशी आर्मिंदोने मला जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलं. एका लाकडी तिमजली घराच्या मधल्या मजल्यावर ते भाड्याने राहत. तिथल्या स्वयंपाकघरात, खिडकीजवळच्या खणात, मला चामड्याच्या खोळीत ठेवलं. आर्मिंदो शाळेत झाडलोटीच्या कामाला लागला. माझ्याकडे काम उरलं नाही.

मग एके दिवशी मुदत संपलेलं एक कार्ड माझ्या पात्यांमध्ये आलं. मला अपमान वाटला. कापडाला उभा-आडवा धागा असतो, ते कात्रीशी बोलतं. प्लास्टिक मुकं असतं. पण आर्मिंदोने त्यावर आधी खडूने रेघा आखल्या, अगदी जुन्या सवयीने, आणि त्याचे बरोबर आठ तुकडे केले. चार घरच्या कचऱ्यात, चार चर्चबाहेरच्या डब्यात, म्हणजे कोणाला आकडे जुळवता येऊ नयेत. पुढे त्याने दुसऱ्या बँकांची आणखी तीन कार्डं घेतली होती. दर तीन-चार वर्षांनी त्यांतलं एखादं नवं होऊन यायचं, जुनं माझ्याकडे यायचं. पतपेढीच्या कार्डाचं प्लास्टिकही असंच बदलत राहिलं. खातं मात्र तेच होतं.

ते कार्ड तो रोज वापरत नसे. नुसतं पडून राहिलेलं खातं पतपेढी एक दिवस आपणहून बंद करते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. म्हणून तीन महिन्यांतून एकदा तो ते माझ्या खोळीतून काढायचा, कोलंबिया स्ट्रीटवरच्या बेकरीत जायचा आणि एक गोड पाव घ्यायचा. दुसऱ्याच दिवशी त्याचे पैसे भरायचा. कार्ड जिवंत राहायचं. ते माझ्याबरोबरच राहत असल्यामुळे परत आलं की त्याला लोण्याचा वास यायचा.

देओलिंदा वारली. ओदेत लग्न होऊन वूस्टरला गेली होती, तिथे ती दवाखान्यात हिशेब बघायची. दीड तासाचं अंतर, पण यायला वेळ मिळत नसे. एकदा ती आली असताना आर्मिंदो पाव कापत म्हणाला, "माझी दोन्ही मुलं शहाणी आहेत. तीन महिन्यांतून एकदा बाहेर पडतात."

ओदेत हसली. मी खणात होते, मी ते हसू ऐकलं. ते थोडं उशिरा आलं होतं.

याच सुमाराला कार्डाच्या महिन्याच्या स्टेटमेंटच्या कोपऱ्यात एक आकडा छापून यायला लागला. तीनशेपासून साडेआठशेपर्यंत कितीही असू शकणारा आकडा, माणूस उधारीला किती भरवशाचा आहे ते सांगणारा. पहिल्यांदा आर्मिंदोला वाटलं, हा रांगेतला नंबर असेल. नंतर कळलं तेव्हा तो खुर्चीवर बसून बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. सातशे एक्याण्णव. ज्या माणसाबद्दल दुकानदाराला फोनवर काहीच ऐकू आलं नव्हतं, त्या माणसाला आता सातशे एक्याण्णव होते.

तो कागद खिशात घालून तो बेटावरून आलेल्यांच्या क्लबात गेला. मला खोळीसकट बरोबर नेलं होतं, कारण क्लबाच्या झेंड्याची किनार नीट करून द्यायची होती. तिथे सेराफिम पाशेकू पत्ते पिसत बसला होता. हा सेराफिम आयुष्यभर मासळीचा ट्रक चालवत आला होता, आणि आर्मिंदोशी त्याचं चाळीस वर्षांचं भांडण होतं. कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं.

"किती?" सेराफिमने विचारलं.

"सातशे एक्याण्णव."

"बरे आहेत. सायकल मिळेल हप्त्यावर."

"तुझे?"

"आठशे एकतीस."

"दाखव."

सेराफिमने पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. तो बायकोच्या फोटोमागे ठेवलेला होता. आर्मिंदोने चष्मा लावून वाचला. तिथे खरंच आठशे एकतीस लिहिलं होतं.

"डावऱ्या, जन्मभर सरळ रेघेत कापत आलास," सेराफिम म्हणाला, "पण आकड्यात मागेच."

"साडेआठशे कोणाला मिळतात रे?"

"देवाला. आणि तोसुद्धा रोख देत असणार."

सगळे हसले. त्या दिवशी झेंड्याची किनार जरा वाकडी कापली गेली. मला ते कळलं, त्यालाही कळलं.

पतपेढीतल्या मुलीने त्याला समजावून सांगितलं होतं, सातशे साठच्या वर गेलं की सगळे सारखेच, व्याजात फरक पडत नाही. आर्मिंदोला हे पटेना. "सारखे असते तर वेगवेगळे आकडे छापायला शाई कशाला घालवली असती?" मापात अर्ध्या रेघेलाही अर्थ असतो, अशा कामात त्याचं आयुष्य गेलं होतं.

तरीही ही सगळी म्हाताऱ्यांची गंमतच राहिली असती. पण पुढच्या ऑक्टोबरमध्ये ओदेत दोन बॅगा घेऊन परत आली. तिचा घटस्फोट झाला होता. नवऱ्याने दोघांच्या नावावरच्या कार्डांवर देणं करून ठेवलं होतं, ते तिने एकटीने फेडलं, पण उशिरा फेडलं. तिचा आकडा सहाशे अडुसष्ट होता. आणि त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्या घरमालकीण दोना पिएदाद खाली आल्या, स्वयंपाकघरात बसल्या आणि म्हणाल्या, "मी घर विकते आहे. एक दलाल पैसे घेऊन उभाच आहे. पण तुम्ही एवढी वर्षं राहिलात. ईस्टरपर्यंत ओदेतला कर्ज मिळालं तर घर तुमचं, कमी किमतीत. नाहीतर मला दोष देऊ नका."

मित्रांनो, यात काय पणाला लागलं होतं ते साधं आहे. दलालाने घर घेतलं असतं, तर भाडं दुप्पट झालं असतं आणि चव्वेचाळीस वर्षांनी आर्मिंदोला ते स्वयंपाकघर सोडावं लागलं असतं. त्याचं वय आणि कारखान्याच्या धुळीने गेलेली फुप्फुसं पाहून त्याला कोणी कर्ज देणार नव्हतं. ते ओदेतलाच मिळवायला हवं होतं, आणि बँकेला तिचा आकडा निदान सातशे हवा होता.

इथल्या लोकांत एक रीत आहे. आईबाप आपल्या जुन्या कार्डावर मुलाचं नाव जोडतात. मग त्या कार्डाची सगळी वर्षं, सगळ्या पाळलेल्या तारखा मुलाच्याही नावावर दिसायला लागतात. जमीन नसलेला माणूस मुलांना एवढंच देऊ शकतो. आर्मिंदोने पतपेढीच्या कार्डावर ओदेतचं नाव जोडलं.

"घे," तो म्हणाला. "आता धाकट्या भावाला सांभाळ."

डिसेंबरपर्यंत ओदेतचा आकडा सहाशे शहाण्णववर आला. चारच कमी होते. इथे थांबायला हवं होतं. पण आर्मिंदोच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

"माझा आकडा वाढला की तुझाही वाढणार," तो तिला म्हणाला. "टाकी जितकी उंच, तितकं नळाला जोराने पाणी."

"तसं नसतं पापा. तुमचा आकडा माझ्याकडे येत नाही. फक्त त्या एका कार्डाचं वय येतं. तुम्ही काहीही करू नका. नुसतं आहे तसं राहू द्या."

"काहीही करू नका, हे कोणाला सांगतेस? मी बसून खाणारा माणूस आहे का?"

त्याने सेराफिमला विचारलं, आठशे एकतीस कसे मिळवलेस. सेराफिम पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाला, "मी कोणाचं काही लागत नाही. विषय संपला." ते अर्धंच खरं होतं. सेराफिमच्या घरी चार कार्डं होती, ती तो वापरत नसे एवढंच. पण अर्धं खरं ऐकायला सोपं असतं.

जानेवारीतल्या एका दुपारी, ओदेत कामावर असताना, आर्मिंदोने साठवलेल्या पैशांतून आपल्या जुन्या गाडीच्या कर्जाचे उरलेले सगळे हप्ते एकदम भरून टाकले. मग तीन फोन केले आणि पतपेढीचं सोडून बाकीच्या तीन कार्डांची खाती बंद केली. मग मला काढलं. खडूने रेघा आखल्या. तीन कार्डं, चोवीस तुकडे. त्याचा हात बऱ्याच दिवसांनी इतका खुशीत होता. तो गुणगुणत होता. मी त्याला कशी थांबवणार होते? कापताना कात्रीला कापड चांगलं की वाईट कळतं, कापावं की नाही हे कळत नाही.

त्याच आठवड्यात घर गरम ठेवण्याचं तेल संपलं. टाकी भरायला तेराशे डॉलर लागले. साठवलेले पैसे गाडीत गेले होते. एकच कार्ड उरलं होतं, पतपेढीचं. त्याची मर्यादा तीनशेवरून वाढत वाढत दोन हजारांची झाली होती. त्याने तेल त्यावर घेतलं.

पुढच्या महिन्यात दोन कागद आले. त्याचा आकडा सातशे एक्याण्णववरून सातशे पंचावन्न झाला होता. ओदेतचा सहाशे एक्कावन्न.

ओदेत कोट न काढता खुर्चीवर बसली. "पापा, बाकीची कार्डं कुठे आहेत?"

"बारा तुकडे घरच्या कचऱ्यात. बारा चर्चपाशी."

"का?"

"चिंध्या काढून टाकल्या की कापड दिसतं. मी कोणाचं काही लागत नाही हे त्यांना दिसावं म्हणून."

"त्या चिंध्या नव्हत्या. ते कापड होतं." तिचा आवाज चढला नाही. "ते लोक बघतात, तुम्हाला किती घेता येतं आणि त्यातलं तुम्ही किती घेतलंय. आधी तुम्हाला वीस हजार घेता येत होते. आता दोनच हजार, आणि त्यातले तेराशे घेतलेत. त्या कार्डावर माझंही नाव आहे."

आर्मिंदोने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाला, "म्हणजे मला उसनं मिळू शकतं आणि मी घेत नाही, तर मी चांगला."

"हो."

"आणि मिळायची सोयच ठेवली नाही, तर वाईट."

"हो, पापा."

"आणि गाडीचं सगळं फेडलं, त्याचं?"

"त्यानेही थोडे कमी झाले. आता तुमचं कुठलंच कर्ज चालू नाही."

त्याने मला उचलून खोळीत घातलं आणि खण बंद केला. खण बंद करताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

ओदेत वर गेली आणि दोना पिएदाद यांच्याशी बोलली. खाली येऊन म्हणाली, "ऑगस्टअखेरपर्यंत थांबतील. आपल्या बेटवाल्यांच्या ऑगस्टमधल्या सणानंतर मुलाकडे राहायला जाणार आहेत. त्याच्यापुढे एक दिवसही नाही."

मग ते कंटाळवाणे महिने आले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही आणि तेच त्यांचं काम होतं. रोज थोडं थोडं काहीच न करणं. आर्मिंदोने मांस सोडलं, कोबीचं सूप आणि पाव यांवर राहिला आणि तेलाचे पैसे फेडले. स्टेटमेंट छापायच्या तीन दिवस आधी पैसे भरायचे, म्हणजे छापताना देणं जवळपास शून्य दिसतं, हे त्याने शिकून घेतलं. पतपेढीत जाऊन त्याने टोपी हातात धरून मर्यादा वाढवून मागितली. त्या मुलीने दोन हजारांचे नऊ हजार करून दिले, कारण चाळीस वर्षांत त्याची एकही तारीख चुकली नव्हती. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. त्याला आता दर वीस पावलांवर बसावं लागायचं.

मे महिन्यात गोड पाव आणायला तो काठी घेऊन गेला आणि यायला त्याला दीड तास लागला. ओदेत म्हणाली, "मी आणला असता."

"तू परत आलीस. तुझी तीन महिन्यांची पाळी संपली. आता फक्त या धाकट्याची उरली आहे."

त्या दिवशी ओदेतने पाव कापला आणि पहिला तुकडा त्याच्यापुढे ठेवला. बाहेर कोणीतरी बर्फ उपसायची फावडी तळघरात नेऊन ठेवत होतं, त्यांचा खडखडाट येत होता.

जुलैमध्ये ओदेतचा आकडा सातशे चौदा झाला आणि आर्मिंदोचा आठशेच्या वर गेला. बँकेने कर्ज मान्य केलं. सही तेवीस ऑगस्टला ठरली. बँकेतली बाई म्हणाली, सहीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा एकदा तुमचा आकडा बघू, तोवर काहीही बदलू देऊ नका.

"ऐकलंत ना?" ओदेत म्हणाली. "काहीही बदलू देऊ नका."

"मी कशाला काय बदलतोय?" आर्मिंदो म्हणाला. "माझं फक्त सेराफिमचं काम राहिलंय. आठशे बत्तीस. एकच जास्त हवा. साडेआठशे देवालाच राहू देत."

बारा ऑगस्टला, दुपारच्या जेवणानंतर, आर्मिंदो खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. माझा खण त्याच्या डाव्या हाताशी होता. ओदेत भांडी घासत होती. तिने पाठमोरीच दोनदा हाक मारली.

चर्च झालं, सूप झालं, माणसं आली आणि गेली. तिसऱ्या दिवशी ओदेत कागद घेऊन बसली. पतपेढीला कळवायचं होतं. कळवलं की खातं बंद होणार होतं. खातं बंद झालं की त्याची सगळी वर्षं तिच्या नावावरून गळून पडणार होती, आणि सातशेच्या खाली ती किती जाईल हे कोणी सांगू शकत नव्हतं. सहीला आठ दिवस होते.

सेराफिम समोर बसला होता. काळ्या कोटात त्याला घाम आला होता.

"गप्प बस आठ दिवस," तो म्हणाला.

"हे बरोबर नाही, सेराफिमकाका."

"कार्ड वापरणार आहेस?"

"नाही."

"मग काय चोरतेस? आठ दिवस? त्याने तुझ्यासाठी चव्वेचाळीस वर्षं काम केलं. अजून आठ दिवस करेल. मी त्याला ओळखतो. सुट्टी घेतली असती तरच आश्चर्य."

ओदेतने फोन खाली ठेवला.

असा आर्मिंदो मेल्यावर अकरा दिवस कामावर होता. थडग्यावर माती ओली होती आणि पतपेढीच्या यंत्रात तो जिवंत होता, त्याची चाळीसहून जास्त वर्षं सरळ उभी होती, एकही तारीख न चुकलेली. त्या दिवसांत पावाचा महिना भरला. ओदेत बेकरीत गेली. काउंटरवरच्या बाईने हात पुढे केला आणि विचारलं, "आज पापांचं कार्ड नाही?" ओदेतने रोख पैसे दिले. बाईने सुटे परत करताना तिचा हात क्षणभर धरून ठेवला.

बावीस तारखेला बँकेने पाहिलं. सातशे सतरा. तेवीस तारखेला ओदेतने सह्या केल्या. एक तासभर ती नुसत्या सह्या करत होती. तिथून ती सरळ पतपेढीत गेली आणि म्हणाली, "माझे वडील बारा तारखेला गेले." त्या मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग तारखेकडे, मग ओदेतकडे. ती म्हणाली, "मला फार वाईट वाटलं. कार्ड घरी नष्ट करा."

घरी आल्यावर पत्रपेटीत एक कागद होता. आर्मिंदोच्या नावाचा, महिन्याचा नेहमीचा. कोपऱ्यात आठशे बत्तीस छापलं होतं.

ओदेतने तो क्लबात नेऊन सेराफिमपुढे ठेवला, असं नंतर ती फोनवर कोणाला तरी सांगत होती. सेराफिमने चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. "एक," तो म्हणाला. "मुद्दाम केलंय त्याने." मग त्याने आपला जुना कागद पाकिटातून काढला आणि टेबलावर तो कुठेच ठेवता येईना, म्हणून पुन्हा बायकोच्या फोटोमागे ठेवून दिला.

त्या संध्याकाळी, उजेड असतानाच, ओदेतने माझा खण उघडला. तिने मला उजव्या हातात घेतलं. ती उजवी आहे. कार्ड माझ्या पात्यांमध्ये आलं, पाती दूर झाली, प्लास्टिक वाकलं, दुमडलं, आणि कापलं गेलं नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. कार्डावर एक पांढरी घडी पडली. मी तिला सांगू शकत नव्हते.

मग ती थांबली. तिने मला टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढून बसली, आणि मला डाव्या हातात घेतलं. तिची बोटं कड्यांमध्ये नीट बसत नव्हती. अंगठ्याच्या जागी मुठीचा काळा रंग आणि खालचं लोखंड झिजून आर्मिंदोच्या अंगठ्याचा खळगा झाला आहे, तिथे तिचा अंगठा सैल पडला. तिने मला हळूहळू मिटलं. कार्ड कापलं गेलं. रेघ वाकडी आली, तिच्या बापाने ती खपवून घेतली नसती. तिने आठ तुकडे केले नाहीत. दोनच केले. दोन्ही तुकडे तिने चर्चपाशी नेले नाहीत की कचऱ्यात टाकले नाहीत. माझ्या खोळीत, माझ्या दोन्ही बाजूंना, एकेक ठेवून दिला. त्यांना अजून लोण्याचा वास येतो, पण कमी कमी.

ओदेतचा आकडा त्यानंतर उतरला. किती, ते मला माहीत नाही. तिने तो कागद उघडलाच नाही. घर तिचं झालं होतं आणि ती आता कोणाला काही दाखवायला जाणार नव्हती.

मित्रांनो, मी थकले आहे. कापड कापलं, प्लास्टिक कापलं, आणि एकदा जे कापायला नको होतं तेही कापलं. आता मला काम नको. पण एक मागणं आहे. तुमच्याही घरात एखादा खण असेल. त्यात एखादी जुनी वस्तू असेल, जिचा हात आता घरात नाही. किंवा दीड तासाच्या अंतरावर एखादं जुनं माणूस असेल, जे खिडकीजवळ बसून तुमच्या यायच्या दिवसाची वाट बघत असेल आणि तुम्ही आलात की चेष्टेने काहीतरी बोलत असेल. ती चेष्टा नीट ऐका. तीन महिने फार असतात.

माझ्यापुरतं म्हणाल, तर ओदेत आठवण ठेवते. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. ती मला बाहेर काढते, खिळ्यात तेलाचा एक थेंब सोडते, डाव्या हातात धरते आणि काहीही न कापता एकदा उघडते, एकदा मिटते. टेबलावर गोड पाव असतो. तो ती सुरीने कापते.